बाराच्या आत

हे सगळं एकोणीसशे एकोणऐंशी साली घडलं. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी मी पायाच्या मशीनला मोटर बसवून घेतली होती आणि पहिले आठ दिवस प्रत्येक शिवण माझ्या हातातून निसटून पळत होती. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते. लग्न केलं नव्हतं. दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत शिवणकाम, मागच्या खोलीत मी. परिचारिका, वाहनचालक, शाळेची मुलं अशांचे गणवेश मी शिवायची. हाताखाली एकच बाई होती, काजं करणारी आणि बटणं लावणारी. तिला सगळे बटणवाली म्हणायचे. तिची जीभ माझ्या कात्रीपेक्षा धारदार होती.

जिना चढून वर माझी थोरली बहीण राहायची, ताई. तिचे यजमान, आमचे भाऊजी, घड्याळं दुरुस्त करायचे. बोलायचे कमी. डोळ्याला भिंग लावून बसले की घरात आहेत की नाहीत तेही कळायचं नाही. त्यांना एकच मुलगी, त्या साली एकोणीस वर्षांची. लहानपणी ती इतकी गुबगुबीत होती की मांडीवर घेतली की माझ्या पायाला मुंग्या यायच्या. तिला ‘ढबू’ हे नाव मीच ठेवलं. घरात, जिन्यात, गल्लीत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. बारा-तेरा वर्षांची असताना ती मला एकदा म्हणाली, “मावशी, आता हे नाव पुरे.” मी म्हटलं, “बरं गं, ढबू.” सगळे हसले. तीही हसली.

आमचं घर बौद्ध. पाच शीलं रोजचीच, ती श्वासासारखी अंगवळणी पडलेली. पौर्णिमेला मात्र ज्यांना जमेल ते विहारात जाऊन आठ शीलं घ्यायचे. आठांतलं सहावं असं, की दुपारी बारानंतर जेवायचं नाही, दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत. शील कोणी लादत नाही, ते मागावं लागतं. हात जोडून तीन वेळा मागायचं, मग भन्ते एकेक शील सांगतात आणि आपण ते त्यांच्यामागून म्हणायचं. मी स्वतः वर्षातून एखाद्या पौर्णिमेला घ्यायची आणि संध्याकाळी पाच वाजल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीचा विचार करत बसायची.

त्याआधीच्या हिवाळ्यात भाऊजींची आई वारली. आजीला पुण्य मिळावं म्हणून नातीनं पहिल्यांदा अष्टशील घेतलं. मग पुढच्या पौर्णिमेला घेतलं. मग अमावास्येलाही. मग दोन्ही अष्टमींना. उन्हाळा लागला तेव्हा ती रोजच पाळत होती. तेव्हाच्या एका पौर्णिमेला भन्ते आसनावरून म्हणाले, “तरुण पिढी बिघडली असं म्हणणाऱ्यांनी या मुलीकडे बघावं.” चाळीस-पन्नास माना वळल्या. ताईनं पदरानं डोळे पुसले. घरी येताना ती मला म्हणाली, “आपल्या सात पिढ्यांत असं कोणी नव्हतं.” मी म्हटलं, “आपल्या सात पिढ्यांना जेवण आवडत होतं.” तिनं माझ्याकडे असं बघितलं, की पुढचा रस्ता मी मुकाट चालले.

विहारात भोजनदान असेल त्या दिवशी ती सगळ्यांना वाढायची. आधी भिक्खूंना, मग म्हाताऱ्यांना, मग मुलांना, मग भांडी घासणाऱ्या बायकांना. वाकून वाकून आग्रह करायची. स्वतः बसायची तेव्हा बाराला दहा कमी असायचे. भात कालवायची, एका बाजूला सारायची, पुन्हा कालवायची. दोन-तीन घास होतात न होतात तोच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून हात आवरायची. “वेळ झाली.” बायका म्हणायच्या, “काय ही निष्ठा.” कोणी तिला विचारलं, जेवलीस का, तर ती म्हणायची, “हो, जेवले.” खोटं ती कधी बोलली नाही. चौथं शील होतं ना. दोन घास म्हणजे जेवणच.

माझं काय झालं ते आता सांगते. मार्च महिन्यात ती खाली दुकानात आली. म्हणाली, “मावशी, हे दोन कपडे कमरेत आत घेऊन दे ना.” मी माप घेतलं, वहीत लिहिलं, शिवण आत घेतली. एप्रिलमध्ये पुन्हा आली. मेमध्ये दोनदा. प्रत्येक वेळी म्हणायची, “आईला सांगू नकोस हं, उगाच काळजी करते.” शिंप्याकडे लोक काय काय सांगतात आणि ते पोटात ठेवायचं असतं, ही सवयच होती मला. कोणाचं पोट सुटलं, कोण लग्नाआधीच दोन जिवांची झाली, सगळं माझ्या वहीत असायचं आणि माझ्या तोंडातून कधी बाहेर पडायचं नाही. त्या इमानाचा मला गर्व होता. भाचीचंही गिऱ्हाइकासारखंच पोटात ठेवलं. शिवाय ती आली की माझ्याजवळ तासभर बसायची, टाचण्या वेचायची, गप्पा मारायची. ते मला सोडवत नव्हतं.

जूनमध्ये एका दुपारी ती कपडे घेऊन गेल्यावर बटणवालीनं सुई खाली ठेवली.

“बाई, आता आत घ्यायला कापड राहिलंय का?”

“शील पाळते ती,” मी म्हटलं. “रोज.”

“तुमच्या धर्मातलं मला कळत नाही. पण माझा नवरा दारू प्यायचा ना, तो पण रोज पाळायचा. एक दिवस चुकवला नाही.”

“जिभेला काही हाड?”

“नाहीच आहे. बाई, त्या पोरीच्या हातावर लव आलीय बघा, उन्हाळ्यात थंडी वाजते तिला. ती काही पाळत नाहीये. ती संपतेय.”

मी तिला काम करायला सांगितलं. मग रात्री झोप लागेना. वही उघडून बसले. मार्चपासूनची मापं एकाखाली एक होती. माझ्याच अक्षरात.

मी वर गेले. ताईला म्हटलं, पोर खूप वाळलीय, दवाखान्यात दाखवू या. ताई म्हणाली, “तुला तिचं चांगलं झालेलं बघवत नाही. तू एक पौर्णिमा धड काढत नाहीस आणि तिला अक्कल शिकवतेस.” भाऊजी टेबलाशी होते. त्यांनी भिंग काढलं, काहीतरी बोलतील असं वाटलं, पुसलं आणि परत लावलं.

त्यांनी त्यांच्या परीनं एक प्रयत्न केला होता म्हणे. एका सकाळी तिला जवळ बसवून भगवंतांची गोष्ट सांगितली होती. सहा वर्षं अन्न सोडलं, पाठीला पोट लागलं, आणि शेवटी दुधातला भात खाल्ला तेव्हाच पुढची वाट दिसली. ती शांतपणे म्हणाली, “बाबा, त्यांना सहा वर्षं लागली. मला सहा महिने पण झाले नाहीत.” त्या वर्षात तीच गोष्ट तिला अकरा जणांनी सांगितली असेल. प्रत्येकाला वाटायचं, आपणच पहिले.

मग मी विहारात गेले. भन्ते तेव्हा साठीचे होते, उंच, थोडे बहिरे. मी म्हटलं, भन्ते, तिला सांगा, जेव म्हणून. ते म्हणाले, “उपासिके, शील तिनं मागितलं, मी दिलं. मन स्थिर असेल तर शरीर आपोआप सांभाळलं जातं.” मी विचारलं, “आणि मन स्थिर नसेल तर?” त्यांना ते ऐकू आलं नाही, किंवा मीच पुरेसं मोठ्यानं विचारलं नाही. मी नमस्कार करून निघाले. वहीचं तेव्हाही बोलले नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती विहाराच्या पायऱ्यांवर कोसळली. हातात वाढायचं भांडं होतं, ते खणखणत खाली गेलं. मी कपड्यांचा गठ्ठा पोचवून येत होते, म्हणून तिला उचलायला धावणाऱ्यांत मीही होते. तिला उचलायला माणसं लागलीच नाहीत. मी एकटीनं उचललं. जी मुलगी मांडीवर घेतली की पायाला मुंग्या यायच्या, ती.

गल्लीतल्या डॉक्टरांनी नाडी धरली आणि चेहरा उतरला त्यांचा. औषध लिहून दिलं नाही. चिठ्ठी लिहिली मोठ्या रुग्णालयाची, आणि विभागाचं नाव वाचून ताईचा आवाज चढला.

“म्हणजे माझी मुलगी वेडी?”

“हृदय दमलंय तिचं,” डॉक्टर म्हणाले. “पण दमवणारं कारण हृदयात नाही.”

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं गेलो. लांबलचक हिरवट भिंतींचा बोळ, लोखंडी बाकं, एका खिडकीपाशी नंबर पुकारणारा माणूस. मनाच्या डॉक्टर म्हणजे एक ठेंगणी, दमलेली बाई होती. तिनं आधी मुलीशी एकटीशी बोलून घेतलं, मग आम्हाला आत घेतलं. म्हणाली, “अशा मुली मी पुस्तकात वाचल्यात. प्रत्यक्षात ही तिसरी. हिला भरती करावं लागेल, आजच.”

ताई म्हणाली, “ती आजारी नाही. शील पाळते. बाराच्या आत नीट जेवते, विचारा तिला.”

“जेवते,” मुलगी म्हणाली. खुर्चीच्या कडेला बसली होती ती, अंगावर शाल, बाहेर ऊन.

डॉक्टरांनी विचारलं, “हे कधीपासून चाललंय? कोणाला काही माहीत आहे?”

मी पिशवीतून वही काढली. आणायची की नाही यावर सकाळी तीनदा मन बदललं होतं. पान उघडून टेबलावर ठेवलं आणि तारखा वाचल्या. आकडे वाचवले नाहीत, ते डॉक्टरांनीच बोटानं खालपर्यंत नेले. मुलगी माझ्याकडे बघत होती. चिडली नव्हती. एखाद्यानं अंगावरचं पांघरूण ओढून घ्यावं तशी दिसत होती.

“तू शिवून देत होतीस?” ताई म्हणाली. “माझ्या घराखाली बसून?”

मी मान हलवली.

मग भाऊजी बोलले. भिंतीकडे बघत, अगदी हळू. “आपलं भिंतीवरचं घड्याळ रोज सकाळी दहा-बारा मिनिटं पुढं असायचं. मी मागं करायचो. दुसऱ्या दिवशी परत पुढं. एप्रिलपासून.”

घड्याळजीच्या घरातलं घड्याळ चुकतं कसं, हा प्रश्न ताईला कधी पडला नव्हता. बारा लवकर वाजावेत म्हणून मुलगी काटा पुढं ढकलायची आणि बाप तो गुपचूप मागं आणायचा. चार महिने ते दोघं त्या काट्यावरून एकमेकांशी भांडत होते आणि तोंडातून एक शब्द नाही.

“म्हणजे तुम्हा दोघांना माहीत होतं,” ताई म्हणाली. “आणि मी गावभर कौतुक सांगत फिरत होते.”

माझ्याकडे बघून तिनं आणखी काही म्हटलं, ते इथे लिहीत नाही. बहिणीनं बहिणीला म्हणावं असं ते नव्हतं, आणि खोटंही नव्हतं.

पण मुलगी भरती व्हायला तयार होईना. म्हणाली, “इथे संध्याकाळी खायला लावतात. माझं शील मोडेल.” आणि ताई तिच्या बाजूनं उभी राहिली. आता मला वाटतं, ताईला शिलाची काळजी नव्हती. ते शील नाही असं मान्य केलं असतं तर गेले आठ महिने आपण मुलीला मरताना बघून टाळ्या वाजवत होतो, हेही मान्य करावं लागलं असतं. तेवढं बळ त्या दिवशी तिच्यात नव्हतं. ती सही करेना.

डॉक्टर मला बोळात घेऊन गेली. “किती दिवस आहेत हे मी सांगू शकत नाही. आठवडे असतील, नसतील. ही कोणाचं ऐकते?”

“एकाचं,” मी म्हटलं.

या वेळी मी भन्तेंच्या समोर वही ठेवली आणि बहिऱ्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. घड्याळाचंही सांगितलं. त्यांनी वही हातात घेतली नाही. मग म्हणाले, “आसनावरून तिचं कौतुक मी केलं होतं.”

“हो भन्ते.”

“मी तिच्या ताटाकडे कधी बघितलं नाही. आम्हाला शिकवतात, नजर आपल्या पात्रात ठेवावी.” पुढं म्हणाले, “परवा पौर्णिमा आहे. तिला घेऊन या.”

त्या दोन दिवसांबद्दल काय सांगू. वर तिची चाहूल लागते का म्हणून मी मशीन बंद ठेवलं. पावलं वाजली की जीव भांड्यात पडायचा, थांबली की मी जिन्याच्या तोंडाशी. बटणवाली येऊन बसायची आणि पहिल्यांदाच गप्प असायची. एकदा म्हणाली, “बाई, तुम्ही तरी दोन घास खा. एका घरात एक पुरे.” मी तिच्यासमोर बसून खाल्लं.

पौर्णिमेला विहार भरलेला होता. मुलगी पांढऱ्या कपड्यांत पुढच्या रांगेत बसली. तिचे ते कपडे मी शिवलेले, आणि तरी खांद्यावरून घसरत होते. सगळ्यांची पंचशीलं झाली. मग अष्टशील घेणाऱ्यांनी हात जोडून मागणी केली, एकदा, दोनदा, तीनदा. भन्ते म्हणाले, “एक जण सोडून बाकीच्यांना देतो.” आणि तिच्याकडे बघून म्हणाले, “तुला आज पाचच मिळतील.”

कुजबुज झाली. कोणाला शील नाकारलेलं आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

ती म्हणाली, “का, भन्ते?” आणि पुन्हा तीन वेळा मागितलं, एकटीनं, स्पष्ट आवाजात. तिन्ही वेळा ते गप्प राहिले. तिसऱ्या वेळी तिचा आवाज फुटला.

“मग मी स्वतःच घेईन. घरी बसून.”

“घेशील,” भन्ते म्हणाले. “ते मला थांबवता येत नाही. पण ते शील मी दिलेलं नसेल. आजारी माणसानं आजार पाळावा म्हणून हे शील नाही. इथे बसलेल्यांनो, हिचं कौतुक मी केलं, ती माझी चूक होती. आता कोणी करू नका.”

एवढ्या लोकांत. ताई माझ्या शेजारी होती, तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की पुढं आठ दिवस वळ होता. मला वाटलं, आता पोर उठून जाणार आणि पुन्हा कधी कोणाचं ऐकणार नाही. आपण शेवटचा धागाही तोडला. ती उठली नाही. उठायची ताकद नसेल. मान खाली घालून बसून राहिली आणि मग जे बोलली ते पुढच्या दोन रांगांनाच ऐकू गेलं.

“भन्ते, मला शील नकोच आहे. मला थांबता येत नाही.”

भन्तेंना ते नीट ऐकू आलं नाही. त्यांनी कानामागे हात धरला. तिला ते पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्यानं. “मला खायची भीती वाटते. बारा वाजले की सुटल्यासारखं वाटतं. मला थांबता येत नाही.”

मी तिला मांडीवर खेळवलेली. एकोणीस वर्षांत तिच्या तोंडून इतकं खरं वाक्य मी ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकताना मला बरं वाटलं नाही. खोल विहिरीच्या तळाशी कोणी हाक मारतंय आणि आपल्याकडे दोर नाही, असं वाटलं.

भन्तेंकडेही नव्हता. ते म्हणाले, “मलाही हे थांबवता येत नाही. त्या डॉक्टरांना येत असेल. चल.”

आणि ते चीवर सावरून उठले. जेवणं व्हायची होती, पानं मांडलेली होती. त्यांनी घाईनं पोटभर जेवून घेतलं, कारण पुढं त्यांना दुसऱ्या दिवशीच मिळणार होतं, आणि मग आमच्याबरोबर भाड्याच्या गाडीत बसले. पुढं चालकाशेजारी ते, मागं आम्ही चौघं. ताईनं सही केली. पेन भाऊजींचं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी सहा वाजता तिथली बाई ताट घेऊन आली. पातळ पेज आणि दुधाचा पेला. मुलीचा चेहरा पांढरा पडला. ती ताटाकडे बघेना. भन्ते खाटेच्या बाजूला लोखंडी खुर्चीवर बसले होते.

“तुम्ही नाही खाणार?” ती त्यांना म्हणाली. त्यात टोमणा होता, मला तो ऐकून आनंद झाला, तेवढा तरी जीव शिल्लक होता.

“मी सकाळी पोटभर जेवलो,” ते म्हणाले. “दोनदा भात घेतला. तू वाढायला नव्हतीस म्हणून आग्रह कमी झाला. तू किती घेतलास?”

तिनं शाल खांद्यावर ओढून घेतली.

“मी बारानंतर खात नाही, कारण बाराच्या आत खातो. तू तेव्हाही खात नाहीस. आपल्या दोघांचं एक नाही, पोरी.”

तिनं चमचा उचलला. पहिला चमचा तोंडापर्यंत न्यायला तिला किती वेळ लागला ते मी सांगू शकत नाही. भाऊजींनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ओठ मिटलेले. ताई पुढं होऊन भरवायला गेली तर डॉक्टरनं तिला खांद्याला धरून थांबवलं. चार चमचे झाले. पाचवा तिनं ठेवून दिला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. बाहेर आल्यावर मी डॉक्टरला विचारलं, “आता सुटली ना?” ती म्हणाली, “आज जेवली. उद्याचं उद्या.”

तेव्हा मला ते फार कठोर वाटलं. पण ती म्हणाली तसंच झालं. सात आठवडे ती तिथे होती. त्यातले कित्येक दिवस तिनं आम्हा सगळ्यांना शिव्या दिल्या, नाकात घातलेली नळी काढून फेकली, मला म्हणाली, “तू माझी वही विकलीस.” घरी आली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा घसरली. ऐंशी साली एकदा, त्र्याऐंशी साली एकदा. दुसऱ्या खेपेला तिचं हृदय थोडा वेळ थांबलं होतं असं नंतर कळलं. मी कारण शोधत राहिले. डॉक्टरला एकदा विचारलं, “मी तिला ढबू म्हणायची, त्यानं झालं का?” ती म्हणाली, “एका नावानं माणूस असा आजारी पडत नाही. पण आता म्हणू नका.” मी पुन्हा म्हटलं नाही. डॉक्टरनं मला त्या दोषातून सोडवलं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या डॉक्टर पंधरा वर्षं त्याच बोळात बसल्या. निवृत्त होईपर्यंत त्यांच्याकडे अशा चौऱ्याण्णव मुली आणि सहा मुलगे आले, त्यांतले नऊ वाचले नाहीत. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, आकडे न अडखळता.

भन्ते अठ्ठ्याऐंशी साली वारले. त्या पौर्णिमेनंतर त्यांनी आसनावरून कोणाच्याही शिलाचं कौतुक केलं नाही. जेवताना मात्र मान वर करून सगळ्यांच्या पानांत बघायचे. नव्या भिक्खूंना ते चमत्कारिक वाटायचं.

बटणवाली माझ्या धंद्यात भागीदार झाली. तिच्या नवऱ्यानं दारू सोडली नाही, तिनं नवरा सोडला. मला ती शेवटपर्यंत ‘बाई’ म्हणाली आणि शेवटपर्यंत उलट बोलली. तिला जाऊन बारा वर्षं झाली.

भाऊजी शहाण्णव साली गेले, दुकानात, कामावर वाकलेले असतानाच. गिऱ्हाइकाला वाटलं, भिंगातून बघतायत.

ताई माझ्याशी सहा वर्षं बोलली नाही. एका जिन्यावरून जायचो यायचो, वर ती, खाली मी. मग एक दिवस कापड घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, “शिवायचंय.” मी शिवलं. त्यानंतर आम्ही हवापाण्याचं बोलायला लागलो, मग बाकीचंही. एकोणऐंशीबद्दल मात्र नाही. दोन हजार नऊ साली ती गेली, माझा तोच दंड धरून, विहारात धरला होता तो.

मी दुकान बंद केलं ते डोळ्यांमुळे. आता सुईत दोरा ओवता येत नाही.

आणि ती. चौसष्ट वर्षांची आहे आता. नकाशे छापणाऱ्या एका कचेरीत तिनं तीस वर्षं नोकरी केली. उशिरा लग्न केलं, मूल झालं नाही. हाडं ठिसूळ आहेत, मनगट दोनदा मोडलंय, दात लवकर गेले. पंचशील घेते, अष्टशील घेत नाही. पौर्णिमेला विहारात जाते ती जेवणं आटोपल्यावर, भांडी घासायला. बरी झाली का, असं लोक विचारतात. तीन-चार महिने चांगले जातात, मग एखादा आठवडा येतो. तेव्हा ती नवऱ्याला किंवा मला सांगते, “आज कठीण आहे.” एवढंच. तो शिक्षक आहे, वह्या तपासत तिच्याजवळ बसतो.

गेल्या मंगळवारी ती माझ्याकडे आली होती. दारातच म्हणाली, “मावशी, आज कठीण आहे.” मी शेगडी बंद केली, दोन ताटं घेतली आणि तिच्यासमोर जाऊन बसले.